ट्रॅक्टर अडत नाही

ट्रॅक्टरला सीट एकच असते, हे कंपनीचं मत. लाखनी तालुक्यात या मताला फारसा पाठिंबा नाही. आमच्या हिशेबाने ट्रॅक्टरवर निदान पाच जागा असतात. एक गादीची. दोन मडगार्डांवरच्या. एक ड्रायव्हरच्या पाठीमागे, हायड्रोलिकच्या दांड्यांवर पाय देऊन उभं राहायची. आणि एक पुढे बोनेटवर. ही मात्र फक्त वरातीत आणि ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी उघडते. मागे ट्रॉली जोडली, की मोजणं बंद होतं.

या जागांना मानपान आहे. उजव्या मडगार्डजवळ हायड्रोलिकचा लिव्हर असतो, म्हणून तिथे बहुधा ट्रॅक्टर शिकायला आतुर झालेला पोरगा बसतो आणि गरज नसताना लिव्हरला हात लावून पाहतो. डावं मडगार्ड वडीलधाऱ्यांचं. पण जावई आला, तर म्हातारा मुकाट्याने ट्रॉलीत जातो, मडगार्डवर दुपट्टा अंथरला जातो आणि जावईबुवांना हात देऊन वर घेतात. जावईबुवा एक पाय खाली सोडून, मडगार्डवरच्या इंडिकेटरला धरून बसतात. तो इंडिकेटर कित्येक वर्षांत लागलेला नसतो, पण धरायला मजबूत असतो. मांडीखाली पातळ पत्रा, पत्र्याखाली छातीइतकं उंच चाक. ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला तर जावईबुवांना दोनच दिशा मोकळ्या: चाकाच्या मागे किंवा चाकाच्या पुढे. मागे पडले तर मानपान पुढच्या वर्षीही करता येतो.

आणि बोलायची सोय नाही. "अहो, पाव्हण्याला तरी खाली बसवा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही होत जी." हे आमच्या भागातलं सुरक्षेचं मानक आहे. त्याला आयएसआयचा शिक्का नाही, पण प्रसार शिक्क्यापेक्षा जास्त. त्यावर कुणी वाद घातलाच तर पुरावा हजर असतो. "वीस वर्षं झाले चालवून रायलो. झालं काही?" वीस वर्षांत ज्याला काही झालं, तो हे वाक्य बोलायला पारावर येत नाही, एवढी बारीकशी उणीव या पुराव्यात आहे.

माझ्या मते याचा सगळा दोष बैलाचा. पिढ्यानपिढ्या सांभाळून घेऊन त्याने आम्हाला बिघडवलं. बंडीत ओझं जास्त झालं की बैल बसकण मारायचा. नाल्याला पाणी जास्त दिसलं की काठावरच मान झटकून थांबायचा. तुतारी टोचा, शेपूट पिरगाळा, त्याच्या मागच्या मालकाचा उद्धार करा, पाय पुढे टाकायचा नाही. धनी बाजारातून मोहाची घेऊन बंडीत आडवा झाला, तरी जोडी त्याला वाटेने बरोबर घरी आणून अंगणात उभी राहायची, आणि सकाळी धनी सांगायचा की रात्री बंडी मीच हाकलत आणली. चालत्या बंडीतून उतरणं, चालत्या बंडीत चढणं, धुरीवर बसून बिडी ओढणं, मागच्या बाजूला पोरांनी लोंबकळणं, हे सगळं खपून जायचं, कारण ती चाल माणसाच्याच चालीएवढी होती. ब्रेक, ओझ्याची मर्यादा, रस्ता दाखवण्याची सोय आणि पिलेल्या ड्रायव्हरचा बंदोबस्त, ही चारही खाती बैल बघायचा. आम्ही बैल विकले तेव्हा ही खातीही त्यांच्यासोबत विकली गेली. सवयी तेवढ्या घरी राहिल्या.

ट्रॅक्टर अडत नाही. गिअर टाकला, क्लच सोडला, की तो निघतो. समोर रस्ता आहे, विहीर आहे की सासऱ्याचा ओटा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ट्रॉलीत वीस कट्टे धान भरा की ऐंशी भरा, तो मान झटकत नाही. फार तर धूर काळा होतो, आणि काळा धूर म्हणजे ताकद, असा आमच्याकडे समज आहे.

तरी पोळ्याला आम्ही त्याला बैलांच्या रांगेत आणून उभा करतोच. शिंगं नसल्यामुळे बेगड सायलेन्सरला लावतात. रेडिएटरला कुंकू, बोनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंगला मखमली कव्हर. पुरणपोळी त्याला चारता येत नाही, ती ड्रायव्हर खातो. पण पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्यांना हळद-तूप चोळायची जी रीत आहे, तिचं भाषांतर काही कुणाला सुचलं नाही. ट्रॅक्टरच्या दर सांध्याला ग्रीस भरायचं टोपण असतं. कुंकू त्याच्यावरही लावलेलं असतं, ग्रीस नसतं.

बैलाची वट अजून किती आहे बघा. झाडीपट्टीत शंकरपटाचं वेड जुनं, लाखनीतही पट भरतो, धुरकऱ्याचं नाव चार गावांत होतं. पटातल्या बैलांचे हाल होतात म्हणून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०१४ साली शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा सुरू झाल्या. बैलासाठी देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट बसलं. मडगार्डवरच्या जावयासाठी अजून साधा ग्रामसभेचा ठराव नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे; १९५५ पासून तिथे ट्रॅक्टर चालवायचं आणि दुरुस्त करायचं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळतं, नव्या मॉडेलची परीक्षाही तिथे होते. आमचा अभ्यासक्रम त्याहून आटोपशीर आहे. मामा भाच्याला गादीवर बसवतो आणि सांगतो, "हा क्लच, हा ब्रेक, हे रेस. जाय आता." भाच्याचे पाय पायडलला पुरत नसतील तर तो गादीच्या टोकावर बसून चालवतो. लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. तोवर उमेदवाराच्या पाठीशी सहा-सात वर्षांचा अनुभव जमा झालेला असतो.

पण खरी परीक्षा चिखलणीला. आमच्या धानाच्या बांध्या लहान लहान, एकीपेक्षा दुसरी हातभर खाली, मधे धुरे. आषाढात पाऊस लागला की सगळ्यांची रोवणी एकाच आठवड्यात येते आणि ट्रॅक्टरवाला तालुक्यातला सगळ्यात मोठा माणूस होतो. त्याला तासाने भाडं, वर चहा, वर विनवण्या. पऱ्हे वयात आलेले, बाया सांगून ठेवलेल्या, आणि हा गृहस्थ दिवसा या गावात, रात्री त्या गावात, डोळे लाल करून चिखल घुसळत असतो. चाकांना लोखंडी केजव्हील लावलेले. ही केजव्हील चिखलासाठी असतात, डांबरासाठी नसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ती काढून पुन्हा लावायची कटकट नको म्हणून तो तसाच ग्रामपंचायतीच्या नव्या रस्त्यावरून खडखडत जातो आणि नंतर रस्ता उखडला म्हणून पहिली तक्रार तोच करतो.

मग कुठल्यातरी बांधीत ट्रॅक्टर फसतो. फसला की अर्ध्या तासात गाव जमतं. यातला प्रत्येकजण इंजिनिअर असतो आणि ड्रायव्हर सोडून सगळ्यांना कारण समजलेलं असतं. "रेस दे." "रेस नको देऊ." "डिफरेन्शियल लॉक टाक." "माग घे." "माग कायले घेते बे, समोर काढ." या गदारोळात एक अनुभवी माणूस शांतपणे धुऱ्यावरून जाऊन एक लांब बल्ली घेऊन येतो. ती दोन्ही मागच्या चाकांना आडवी बांधायची, म्हणजे चाकाला टेका मिळतो आणि ट्रॅक्टर वर येतो, असं त्याचं शास्त्र.

शास्त्र निम्मं खरं आहे. ट्रॅक्टर वर येतो. पण कुठला भाग वर येतो, हे तो सांगत नाही. इंजिनचा जोर मागच्या चाकाला फिरवायला धडपडत असतो. चाक मोकळं असलं तर चाक फिरतं. बल्ली अडकून चाकच जागच्या जागी बसलं, तर जोर वाया जात नाही. चाक ट्रॅक्टरखाली फिरण्याऐवजी ट्रॅक्टर चाकाभोवती फिरतो. पुढचं तोंड उचलतं. उचललेलं तोंड पुन्हा खाली येणार नाही, त्या टोकापर्यंत पोचायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. पाऊण सेकंदात "अबे" म्हणून होतं. "क्लच दाब" म्हणायचं राहून जातं. चिखल मऊ असतो म्हणून काही होत नाही, असंही एक मत ऐकलं आहे. त्या मऊ चिखलात दोन टन लोखंडाखाली माणूस किती खोल जातो, याचा विचार त्या मतात नव्हता.

ही उठून बसायची खोड ट्रॅक्टरला जन्मापासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातले ट्रॅक्टर नांगर साखळीने ओढायचे, आणि नांगर एखाद्या मुळीत अडकला की मागच्या मागे ड्रायव्हरच्या अंगावर यायचे. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजवाला हा नव्हे) या गोष्टीच्या मागे लागला. त्याने नांगर ओढायच्या ऐवजी ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडला: दोन दांड्या खाली, एक वर. खुबी वरच्या दांडीत. नांगर अडकला तर ती पुढे रेटते आणि तिचा रेटा ट्रॅक्टरचं तोंड उलट खाली दाबतो. म्हणजे जेवढा नांगर अडतो, तेवढा ट्रॅक्टर जमिनीला चिकटतो. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरसोबत ही जोडणी अमेरिकेत बाजारात आली आणि आज आपल्या गावातल्या कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरच्या मागे तीच आहे. वरच्या दांडीला आपण टॉप लिंक म्हणतो.

आता फसलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने काढायचा, म्हणजे टोचन लावायचं असतं, तेव्हा आमचा गडी पहिलं काम काय करतो? ओढणाऱ्या ट्रॅक्टरची टॉप लिंक काढतो आणि साखळी त्याच वरच्या भोकात अडकवतो. कारण तिथे वाकावं लागत नाही. खालचा हुक चिखलाने भरलेला असतो, वरचं भोक हाताशी असतं. ओढ मागच्या आसाच्या वर आली की साखळी ताणताच पुढची चाकं उचलणार, हे ठरलेलं. फर्ग्युसनने ज्या भोकातून मरण बाहेर काढलं, त्याच भोकातून आम्ही ते परत आत घेतो. साखळी नेहमी खाली, हुकालाच लावायची, आणि ती लांब असावी. तुटली तर तिचं टोक माघारी येतं, म्हणून बघ्यांनी बाजूला व्हावं. पण बघे बाजूला झाले तर बघणार काय?

स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर मजबूत लोखंडी चौकट १९५९ साली सक्तीची केली. योगायोग असा की फरिदाबादहून आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर पडला ते सालही तेच. त्या चौकटीचं काम एवढंच की ट्रॅक्टर उलटला तरी ड्रायव्हरभोवती माणसाएवढी जागा शिल्लक राहावी, आणि पट्टा बांधलेला ड्रायव्हर त्याच जागेत राहावा. आमच्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांवर असतं ते छत. त्याला झालर असते, आतून दोन आरसे, चार स्पीकर आणि मागे मालकाच्या दोन्ही मुलांची नावं. ऊन त्याने उत्तम अडतं. ट्रॅक्टर उलटला तर ते छत सगळ्यात आधी शरण जातं. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधायचा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. नाहीतर माझा लेख वाचून कुणीतरी स्वतःला गादीशी बांधून घ्यायचा.

आता एका पट्टीबद्दल. मोटारीला ब्रेकचं पायडल एक, ट्रॅक्टरला दोन. डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. बांधीच्या कोपऱ्यात वळताना एकाच बाजूचं दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. सोय फार चांगली. रस्त्यावर यायचं झालं की दोन्ही पायडलं एका छोट्या पट्टीने जोडून टाकायची. ही पट्टी बोटाएवढी असते. ती लावायला खाली उतरावं लागत नाही, पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. कदाचित म्हणूनच तिला कुणी किंमत देत नाही. चिखलणी करून ट्रॅक्टर सांजेला सडकेवर येतो, पट्टी मोकळी, पायाला चिखल, डोळ्यांवर झोप. पुढे म्हैस येते. पाय एकाच पायडलवर पडतो. एक चाक थांबतं, दुसरं धावत राहतं, ट्रॅक्टर म्हशीला वाचवून आडवा होतो आणि मागची ट्रॉली, जिला यातलं काही कळवलेलं नाही, ती सरळ येत राहते.

ती सडकही साधी नाही. लाखनीमधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. आता त्याचा नंबर बदलला, तरी जुनी माणसं त्याला सहा नंबरच म्हणतात. सुरत-कोलकात्याकडचे ट्रेलर त्यावरून भरधाव जातात आणि त्यांच्यात धानाचे कट्टे लादलेली आमची ट्रॉली असते, आधारभूत खरेदी केंद्राच्या रांगेत नंबर लावायला निघालेली. गावात उड्डाणपूल झाला तेव्हापासून एक नवी कला विकसित झाली आहे. चढ कसाबसा चढायचा आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची. डिझेल वाचते म्हणतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. गिअरमध्ये असताना इंजिन तिला धरून ठेवत असतं, तेही आता मोकळं केलं. मग ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉली ट्रॅक्टरला घेऊन जाते. वाचलेलं डिझेल चमच्याने मोजता येईल एवढं असतं.

ट्रॉली ज्या पिनने जोडलेली असते तिचा इतिहासही मनोरंजक आहे. कंपनीची पिन पहिल्या वर्षी हरवते. मग तिच्या जागी गजाचा तुकडा येतो. तो वर निसटू नये म्हणून खाली अटकण लागते, तिच्या जागी खिळा. खिळा गेला की तार. तार गेली की विश्वास. मागच्या बाजूला लाल दिवा नसतो, कारण ट्रॉलीला वायर नसते, कारण वायर उंदरांनी खाल्लेली असते. पुढे मात्र दर शनिवारी ताजं लिंबू आणि सात मिरच्या. समोरून येणाऱ्या नजरेचा बंदोबस्त झाला. मागून येणाऱ्या ट्रेलरला नजर लागत नसते, त्याला दिसावं लागतं. त्यासाठी लाल चमकत्या पट्टीचा हातभर तुकडा लागतो. रेतीच्या ट्रॅक्टरांबद्दल मी काही बोलत नाही. ते रात्री दिवे न लावता चालतात, पण त्याचं कारण बॅटरी नसतं.

बॅटरीवरून आठवलं. 'सेल्फ घेत नाही' हे आमच्याकडचं सगळ्यात सामान्य दुखणं. त्यावरचा इलाज म्हणजे खाली उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टर डायरेक्ट करणे. ठिणगी उडते, इंजिन सुरू होतं, बघणारा पोरगा थक्क होतो. फक्त ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो लगेच निघतो, आणि डायरेक्ट करणारा नेमका चाकाच्या पुढे उभा असतो. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून कंपनीने बसवलेलं बटण मेकॅनिकने आधीच काढून दिलेलं असतं, कारण तेच बिघडत होतं.

पीटीओचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. रोटावेटर, थ्रेशर यांना फिरवणारा तो मागचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. मधल्या दांडीची जाडी धरून हिशेब केला, तर सेकंदाला दोन मीटरच्या वर कापड गुंडाळलं जातं. नऊवारी लुगडं पदरापासून काष्ट्यापर्यंत चार सेकंदांत. दुपट्टा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात, आणि दुपट्टा बहुधा गळ्याभोवती असतो. या दांडीवर कंपनी प्लास्टिकचं नळकांडं घालून देते. पहिल्या आठवड्यात ते काढून टाकतात, कारण ग्रीस द्यायला आड येतं. त्यानंतर ग्रीसही देत नाहीत. नळकांडं वाया जात नाही म्हणा. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी काढायला ते धुऱ्यात पुरलेलं मी पाहिलं आहे. तिथे ते फार चांगलं काम करत होतं.

रोटावेटरच्या पात्यांत तणस गुंतली की ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालून, रोटावेटर खाली टेकवून मग हात घालायचा, हा नियम. वर उचललेला रोटावेटर फक्त हायड्रोलिकच्या तेलावर लटकलेला असतो, आणि त्या तेलाला कुणाचा पोरगा खाली वाकला आहे हे कळत नाही. पण बंद केलेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते (सेल्फ घेत नाही). म्हणून इंजिन सुरू, पीटीओ नुसता काढलेला, ड्रायव्हर खाली, आणि उजव्या मडगार्डवर शिकाऊ पोरगा लिव्हरजवळ. याच पोराला आपण वर भेटलो होतो.

थ्रेशरसाठी तर १९८३ चा केंद्राचा कायदाच आहे, धोकादायक यंत्रांचा. घास टाकायचा पन्हाळा पुरेसा लांब आणि वरून झाकलेला असावा, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचणार नाही, हा त्यामागचा विचार. चुरणं रात्री उशिरापर्यंत चालतं, पेंढ्या ओल्या असतात, घास आत जात नाही, मग वरचं झाकण काढून ठेवलं जातं. त्यावर बसून चहा पितात.

हे सगळं बघून वाटतं की तालुक्यात आता अडणारं कुणीच उरलं नाही. तसं नाही. रोवणीच्याच दिवसांतली गोष्ट. चुलबंदच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या एका वाटेवर रपटा होता, रपट्यावरून गढूळ पाणी चाललेलं. ट्रॉलीत बाया उभ्या, डोक्यावर प्लास्टिकचे घोंगडे, एकमेकींना धरून. ड्रायव्हरने रेस वाढवली तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "थांबव बा, मले उतरू दे."

"काही नाही होत, आजी. चाकभर पाणी नाही."

"तुले नाही होत. मले होते. थांबव."

तो थांबला. म्हातारी ट्रॉलीच्या फाळक्यावरून पाय सोडून, लुगडं सावरत, दोघींच्या खांद्यावर हात टाकत उतरली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसली. कुणाला काही सांगितलं नाही, उपदेश केला नाही. कंबरेची चंची सोडून सुपारी कातरू लागली. तिच्यामागे दुसरी उतरली. मग तिसरी म्हणाली, माह्याही पायाले मुंग्या आल्या. पाच मिनिटांत ट्रॉली रिकामी. ड्रायव्हर वर एकटा. आता कुणी बघायला राहिलं तरी सोबतीला नाही, तेव्हा त्यालाही पाणी नीट दिसायला लागलं. त्याने इंजिन बंद केलं आणि तोही खाली उतरून बिडी पेटवून बसला. धानाचा मालक पलीकडच्या काठावरून हात करून करून थकला. पाणी उतरेस्तोवर कुणी जागचं हललं नाही. मजुरी अर्ध्या दिवसाची बुडाली, त्यावरून दोन दिवस भांडण चाललं.

सगळ्याच ट्रॉल्यांत अशी म्हातारी नसते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातून रोजीला आल्या होत्या. यावर "ट्रॉलीत बसूच नका" असं लिहिणं शहरात बसून सोपं आहे. दूरच्या शिवारात रोवणीला जायचं तर बाईसमोर दुसरं साधन कुठलं? मालकाला चिखलणीसाठी तासाचे पैसे मोजता येतात. बायांना न्यायला दोन खेपा ऑटो लावायचा म्हटलं की त्याला नफा-तोटा आठवतो. माझ्या मते हा खर्च मालकाचा आहे, आणि तो रोवणीच्या हिशेबात लिहिण्याइतका लहान आहे. तोवर बायांनी आजीसारखं उतरावं. नाल्यावर उतरावं, धुऱ्याच्या चढावर उतरावं, विहिरीजवळ गाडी वळवताना तर नक्की उतरावं. ड्रायव्हर रागावतो, पण तोही उतरतो.

ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं: पायडलांची पट्टी लावा, साखळी खाली अडकवा आणि ट्रॉलीच्या पाठीला एक लाल पट्टी चिकटवा. जावयाला मोटारसायकलवर आणा. आणि सहा नंबरने नागपूर-रायपूर जाणाऱ्या मोटारवाल्यांनो, दिवाळीनंतर धानाचा मोसम लागला की लाखनी-साकोलीच्या पट्ट्यात रात्री जरा हळू या. पुढे अंधारात काहीच दिसत नसेल, तर तिथे ट्रॉली आहे असं धरून चाला. बहुतेक वेळा असते.